बेलहेल्वीचे पाळक अलेक्झांडर फॉर्साइथ

स्कॉटलंड देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर, आबर्डीन शहराच्या उत्तरेस, बेलहेल्वी नांवाचें एक खेडें आहे. तेथील पाळकाच्या घरीं २८ डिसेंबर १७६८ रोजीं अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ यांचा जन्म झाला. त्यांचें शिक्षण आबर्डीनच्या किंग्ज कॉलेजांत झालें. वडिलांच्या पश्चात् १७९१ मध्यें त्याच मंडळीचें पाळकपण त्यांजकडे आलें, व तें त्यांनीं मरेपर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षें, चालविलें. अशा एका खेड्यांतील पाळकाचें नांव बंदुकीच्या इतिहासांत कसें आलें, याची हकीकत वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे.

फॉर्साइथ यांस रसायनशास्त्राची व यंत्रकामाची मोठी आवड होती, आणि फावल्या वेळीं ते पाणपाखरांची शिकार करीत. त्या काळच्या बंदुका चकमकीच्या असत. चाप ओढला म्हणजे घोड्यांत बसविलेली गारगोटी पोलादावर आपटे. ठिणगी पडून बाहेरचें रंजक पेटे. आणि तो जाळ बारीक छिद्रांतून आंत शिरून नळींतील दारूस लागे. यांत दोन अडचणी होत्या. पावसांत किंवा दमट हवेंत रंजक भिजून बार फुकट जाई. शिवाय रंजक पेटल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर वेळ जाई, व तेवढ्यांत तो उजेड पाहून पांखरूं सावध होऊन निसटे. ही दुसरी अडचण फॉर्साइथ यांच्या मनांत घोळूं लागली.

१८०० सालीं एडवर्ड हॉवर्ड नांवाच्या इंग्रज रसायनवेत्त्यानें पाऱ्याच्या फल्मिनेटाचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. हा पदार्थ ठिणगी नसतांहि केवळ आघातानें स्फोट पावतो. हॉवर्ड यांनीं तो दारूऐवजीं बंदुकींत भरून पाहिला; परंतु त्याचा जोर इतका आकस्मिक कीं, गोळी पुढें जाण्याऐवजीं बंदूकच फुटे. त्यामुळें बंदुकीच्या कामीं हा पदार्थ निरुपयोगी, असें पुष्कळांस वाटलें.

फॉर्साइथ यांनीं निराळा विचार केला. दारूचें काम दारूनेंच करावें. पण तिला पेटविण्याचें काम आघातानें पेटणाऱ्या अशा तापट पदार्थाच्या अगदीं अल्प अंशाकडे द्यावें, म्हणजे रंजकाची गरजच उरणार नाहीं, असें त्यांच्या ध्यानांत आलें. मग त्यांनीं एक लहानशी डबी घडविली. ती फिरविली कीं कणभर चूर्ण छिद्रापाशीं पडे, व वरून हातोडीचा आघात होतांच दारू तत्क्षणीं पेटे. अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी ही कळ १८०५ च्या सुमारास तयार झाली. हॉवर्ड यांच्या हातीं असा तापट पदार्थ घातक ठरला होता. येथें त्याचें प्रमाण व स्थान निराळें होतें.

१८०६ मध्यें ते ही कळ घेऊन लंडनला गेले. त्या वेळीं नेपोलियनशीं युद्ध चालू होतें. दारूगोळा खात्याचे मुख्य लॉर्ड मॉयरा यांनीं त्यांस लंडनच्या टॉवर किल्ल्यांत कामास जागा दिली. परंतु १८०७ मध्यें मॉयरा यांच्या जागीं लॉर्ड चॅटम आले, व त्यांनीं फॉर्साइथ यांस आपलें सामान उचलून जाण्यास सांगितलें. नेपोलियननें वीस हजार पौंड देऊं केले असतां त्यांनीं ते नाकारिले, असेंहि सांगतात. त्याच वर्षीं ११ एप्रिल रोजीं त्यांनीं आपल्या शोधाचें पेटंट घेतलें. त्या कामीं वाफेच्या यंत्राबद्दल प्रसिद्ध असलेले जेम्स वॉट यांचें साह्य त्यांस मिळालें. लंडनमध्यें त्यांच्या नांवें दुकान निघालें. पण ते स्वतः बेलहेल्वीस आपल्या मंडळींत परत आले.

पुढें इतरांनीं आघातानें पेटणारें चूर्ण तांब्याच्या चिमुकल्या टोपींत बसविलें. १८३४ मध्यें वुलिच येथें सरकारनें दोन्ही तऱ्हेच्या बंदुकांची परीक्षा केली. सहा सहा हजार बारांत चकमकीच्या बंदुकांचे ९२२ बार फुकट गेले, तर नव्या पद्धतीचे अवघे ३६. त्यानंतर ब्रिटिश सैन्यानें चकमक सोडली. सरकारनें १८४२ मध्यें फॉर्साइथ यांस फक्त दोनशें पौंड दिले. ११ जून १८४३ रोजीं ते एकाएकीं मरण पावले. त्यानंतर त्यांच्या नातलगांस हजार पौंड मिळाले.

ती टोपी आज काडतुसाच्या बुडांत बसते, व तिला प्रायमर म्हणतात. १८६६ मध्यें इंग्लंडांत बॉक्सर यांनीं व अमेरिकेंत बर्डन यांनीं तिचे दोन प्रकार काढिले. बॉक्सरच्या प्रायमरमध्यें ऐरण आंतच असते व काडतुसास मधोमध एक छिद्र असतें. बर्डनच्या पद्धतींत ऐरण काडतुसाचाच भाग असून छिद्रें बहुधा दोन असतात. अमेरिकेसारख्या देशांत कित्येक शिकारी रिकामीं काडतुसें घरीं पुन्हां भरितात. एकाच्या जागीं दुसरा प्रायमर चालत नाहीं, हा त्यांचा पहिला धडा. रायफलीचा मोठा प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्या प्रायमरहून उंच असतो. तो पिस्तुलाच्या काडतुसांत बाहेर डोकावतो, व बंदूक मिटतांनाच बार उडण्याचें भय असतें. लहान आकारांत दोहोंचें माप सारखेंच. पण पिस्तुलाच्या प्रायमरचा पत्रा सामान्यतः पातळ, म्हणून रायफलीच्या जोरानें तो फाटून तप्त वायु मागें येऊं शकतो. यास्तव भरणीच्या पुस्तकांत सांगितलेला प्रायमरच ते घेतात, व बदलल्यास दारूचें प्रमाण कमी करून पुन्हां आरंभ करितात. आपल्या देशांत परवान्यावांचून काडतुसें भरणें कायद्यानें गुन्हा आहे, हें कोणीं विसरूं नये.

पाळकानें शस्त्र सुधारावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होईल, व तो योग्यच आहे. कारण पांखरासाठीं योजिलेली कळ लवकरच रणांगणावर गेली. परंतु त्यांच्या शोधांतील तत्त्व खरें आहे: कणभर वस्तु तिच्या मापाच्या जागीं बसली तर काम करिते, आणि भलत्या जागीं बसविली तर बसविणाऱ्याचाच हात घेते.