नमाजानंतरचे शब्द ऐकणारी मिशनरी : कॉन्स्टन्स पॅडविक

पंढरपूरच्या महाद्वारात, आळंदीच्या घाटावर किंवा दादरच्या फुटपाथवर हरिपाठाच्या, स्तोत्रांच्या आणि आरत्यांच्या ज्या बारक्या पुस्तिका मिळतात, त्या जपून ठेवाव्यात असे सहसा कुणाला वाटत नाही. कागद स्वस्त, छपाई जेमतेम. खिशात राहून कोपरे दुमडले, पाने सुटली, की नवी प्रत घ्यायची. अभ्यासक ज्ञानेश्वरीकडे आणि गाथेकडे वळतात. सामान्य भाविकाची रोजची उपासना मात्र पुष्कळदा अशा पुस्तिकांच्या आधाराने चालते. मुस्लिम जगातही मशिदींच्या आसपासच्या दुकानांत अशाच पुस्तिका विकल्या जातात. त्यांत दुआ असतात, दरूद असतात, निरनिराळ्या सुफी परंपरांचे नित्यपाठ असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका इंग्रज ख्रिस्ती स्त्रीने या पुस्तिका चिकाटीने गोळा केल्या, ओळीओळीने वाचल्या आणि त्यांतून एक ग्रंथ सिद्ध केला. तिचे नाव कॉन्स्टन्स एव्हलिन पॅडविक. व्यवसायाने ती मिशनरी होती, आणि मुसलमानांपर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोहोचवणे हेच तिचे नेमून दिलेले काम होते. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय तिचे जीवन समजत नाही.

पॅडविक यांचा जन्म १८८६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्स परगण्यात झाला. विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने मिशनकार्यासाठी परदेशी जाण्याची शपथ घेत होते, त्या काळात त्या वाढल्या. तारुण्यात पॅलेस्टाईनचा प्रवास घडला आणि अरब जगात जाऊन काम करण्याचा निश्चय पक्का झाला. नाशिकच्या शरणपूरमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या चर्च मिशनरी सोसायटीकडे त्यांनी स्वतःला वाहून घेण्याची तयारी दाखवली. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव संस्थेने त्यांना परदेशी पाठवण्यास नकार दिला. मग संस्थेच्या लंडनमधील कार्यालयात राहून त्यांनी मुलांच्या नियतकालिकाचे संपादन केले. सोप्या भाषेत लिहिण्याची शिस्त त्यांना या कामातून मिळाली.

१९१६ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, त्या कैरोला पोहोचल्या. मात्र आपल्या संस्थेच्या वतीने नव्हे, तर नाईल मिशन प्रेस या दुसऱ्या एका संस्थेच्या कामासाठी. पुढे लंडनला परतून त्यांनी अरबी भाषेचा आणि लोकसंस्कृतीचा अभ्यास केला. उत्तर इजिप्तमधील शेतकऱ्यांच्या मनातील जिन्न आणि भुतेखेते यांविषयीचा त्यांचा दीर्घ लेख लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राच्या पोथ्यांपेक्षा माणसे खरोखर कशाला भितात, कशाची आस धरतात, हे पाहण्याची त्यांची दृष्टी या लेखातच दिसते. अखेर १९२३ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना स्वीकारले. तेव्हा त्यांचे वय छत्तीस-सदतीस होते. पुन्हा कैरोला जाऊन त्यांनी मुसलमान वाचकांसाठीच्या ख्रिस्ती साहित्याची जबाबदारी उचलली.

पॅडविक यांचा स्वतःचा प्रवास त्यांनी लिहिलेल्या तीन चरित्रांमधून स्पष्टपणे उलगडतो. पहिले चरित्र हेन्री मार्टिन यांचे. केंब्रिजमध्ये गणितात पहिला आलेला हा तरुण धर्मगुरू ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लेन म्हणून हिंदुस्थानात आला आणि त्याने बायबलचा नवा करार उर्दूत व फारसीत आणला. १८११ मध्ये इराणला जाताना तो कलकत्त्याहून समुद्रमार्गे मुंबईला आला. पुण्याच्या रेसिडेंटपदावर रुजू होण्यासाठी निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच जहाजावर त्याचे सहप्रवासी होते. पुढे शिराझमध्ये मार्टिनने मुल्लांशी दीर्घ वाद केले आणि १८१२ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तुर्कस्तानातील तोकात येथे त्याचा अंत झाला. त्याच्या चरित्रात निष्ठा आहे, त्याग आहे, विद्वत्ता आहे. समोरच्या मुसलमानाशी त्याचे नाते मात्र मुख्यतः वादाचे आहे.

दुसरे चरित्र टेंपल गेर्डनर यांचे. १८९९ मध्ये कैरोला आलेले गेर्डनर पॅडविक यांचे ज्येष्ठ सहकारी होते. प्रारंभीच्या काळात त्यांनीही इस्लामचे दोष दाखवणारे लेखन केले. कालांतराने त्यांना कळून चुकले की वादात जिंकलेला माणूस मनाने दुरावतो. मग ते नाटकाकडे, गोष्टींकडे आणि संगीताकडे वळले. मध्यपूर्वेतील भजनांच्या चाली त्यांनी टिपून ठेवल्या. अल्-गझाली यांच्या प्रकाशाविषयीच्या प्रसिद्ध अरबी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. १९२८ मध्ये गेर्डनर यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी पॅडविक यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र बाहेर पडले. मिशनरी साहित्यात ते आजही उत्तम चरित्रांपैकी एक मानले जाते, कारण त्यात माणूस बदलताना दिसतो.

तिसरे चरित्र बऱ्याच वर्षांनी, १९५८ मध्ये आले. त्याचे नायक लायमन मॅक्कलम हे इस्तंबूलमध्ये बायबल सोसायटीचे काम पाहत. बायबलच्या प्रती पोहोचवणाऱ्या या गृहस्थाने सुलेमान चेलेबी यांच्या मेवलिदचा, म्हणजे तुर्कस्तानात घरोघरी गायल्या जाणाऱ्या पैगंबरजन्माच्या काव्याचा, इंग्रजी अनुवाद केला होता. मार्टिनच्या वादापासून गेर्डनर यांच्या संगीतापर्यंत आणि तेथून मॅक्कलम यांच्या या अनुवादापर्यंत जी वाट जाते, तीच पॅडविक यांची वाट होती.

ही वाट सरळ नव्हती. इजिप्तवर १८८२ पासून ब्रिटिशांचा ताबा होता आणि मिशनऱ्यांना त्या सत्तेची सावली लाभत होती, हे तेथील जनता जाणून होती. १९३३ मध्ये पोर्ट सैदमधील एका युरोपीय मिशनच्या अनाथालयात मुस्लिम मुलीला धर्मांतरासाठी मारहाण झाल्याच्या आरोपावरून देशभर संतापाची लाट उसळली. वृत्तपत्रांनी सर्व मिशनऱ्यांना लक्ष्य केले. अनाथ आणि आजारी माणसांच्या असहायतेचा फायदा घेऊन धर्म बदलला जातो, हा आक्षेप मराठी वाचकालाही अनोळखी नाही. पॅडविक त्या काळात याच क्षेत्रात काम करत होत्या. त्यांनी ज्या संस्थेत आयुष्य घालवले, तिच्यावरील या आक्षेपाचे ओझे त्यांच्या चरित्रातून वजा करता येणार नाही. त्यांनी मिशनकार्य सोडले नाही, स्वतःची ख्रिस्तश्रद्धा पातळ केली नाही आणि इस्लामही स्वीकारला नाही. परंतु त्यांच्या श्रमांचा सर्वांत मोठा वाटा ज्या कामात गेला, त्यात कुणाचेही मन वळवण्याचा प्रयत्न नव्हता.

त्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी मुस्लिम उपासनेची एक बाजू लक्षात घ्यावी लागते. दिवसातून पाच वेळा पढल्या जाणाऱ्या नमाजाचे शब्द, हालचाली आणि क्रम ठरलेले असतात. बाहेरच्या माणसाला तेवढेच दिसते, आणि पाश्चात्त्य निरीक्षकांपैकी अनेकांनी तेवढ्यावरूनच इस्लाममधील प्रार्थना म्हणजे शिस्तबद्ध कवायत, असा निष्कर्ष काढला होता. नमाज संपल्यावर मात्र भाविक अनेकदा तिथेच बसून राहतो. बोटांवर किंवा तसबीहच्या मण्यांवर तेहतीस वेळा अल्लाहचे पावित्र्य, तेहतीस वेळा त्याची स्तुती आणि चौतीस वेळा त्याची थोरवी उच्चारतो. मग हात पसरून दुआ मागतो. ती स्वतःच्या शब्दांत असू शकते, किंवा पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या एखाद्या पाठातली असू शकते. मनातील भीती, पश्चात्ताप, कृतज्ञता आणि माया यांना इथे वाट मिळते. पॅडविक यांनी कान दिला तो या शब्दांना.

आपल्या अभ्यासासाठी त्यांनी काटेकोर कसोटी लावली. जी पुस्तके प्रत्यक्ष बाजारात विकली जातात आणि लोकांच्या वापरात आहेत, तीच घ्यायची. त्यामुळे त्यांच्या संग्रहात कादिरी, शाझिली, रिफाई, नक्शबंदी अशा सुफी तरीकांचे पाठ आले. पंधराव्या शतकातील मोरोक्कोचे अल्-जझूली यांनी रचलेला दलाइल अल्-खैरात हा दरूदांचा प्रसिद्ध संग्रह आला. करबलाच्या संहारातून वाचलेले इमाम हुसेन यांचे पुत्र झैनुल आबिदीन यांच्या नावावर असलेल्या, शियांना अत्यंत प्रिय अशा सहिफा-ए-सज्जादियामधील प्रार्थनाही आल्या. सुन्नी आणि शिया, विद्वान आणि अडाणी असे भेद या संग्रहात गळून पडतात. उरतो तो हात पसरलेला माणूस.

दरम्यान जगाची उलथापालथ चालू होती. कैरोनंतर पॅडविक पॅलेस्टाईनमध्ये राहिल्या. १९४७ मध्ये तेथील परिस्थिती युद्धाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा त्यांना तो देश सोडावा लागला. त्यानंतर सुदानमध्ये शालेय पुस्तकांचे काम केले आणि १९५०च्या दशकात काही वर्षे इस्तंबूलमध्ये काढली. नंतर त्या इंग्लंडला परतल्या. १९६१ मध्ये लंडनच्या सोसायटी फॉर प्रमोटिंग ख्रिश्चन नॉलेज या प्रकाशनसंस्थेने त्यांचा मुस्लिम डिव्होशन्स हा तीनशेंहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. एका ख्रिस्ती संस्थेने छापलेला हा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत मुसलमानांच्या प्रार्थनांनी भरलेला आहे.

ग्रंथाची मांडणी हेच त्याचे मोठे वैशिष्ट्य आहे. पॅडविक यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचे साचे घेऊन त्यांत इस्लामला बसवले नाही. नियत, वजू, अजान, तकबीर, स्तुती, शरण जाणे, क्षमायाचना, मागणे, पैगंबरांवर दरूद अशा उपासनेतल्याच शब्दांना त्यांनी प्रकरणे वाहिली आणि प्रत्येक शब्दाभोवती भाविकांच्या मनात काय काय साठले आहे, ते त्यांच्याच प्रार्थनांतून दाखवले. ख्रिस्ती वाचकाला सर्वांत अवघड वाटणारा भाग दरूदांचा. पैगंबरांविषयीची ही उत्कट माया त्या टाळू शकल्या असत्या किंवा तिच्यावर टीका करू शकल्या असत्या. त्यांनी तिला भरपूर जागा दिली, कारण त्या मायेला वगळले तर सामान्य मुसलमानाचे हृदय कळत नाही.

इंग्लंडमधून येऊन परक्या भक्तीच्या भाषेत शिरणारा ख्रिस्ती माणूस मराठीने फार पूर्वी पाहिला आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. स्टीफन्स यांनी आपल्या धर्माची कथा सांगण्यासाठी इथल्या पुराणाचे रूप घेतले. पॅडविक यांनी उलट दिशा धरली: बोलायचे ते समोरच्याने, आपण ऐकायचे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात योगसंग्राम लिहून दोन उपासनांच्या सीमेवर जसा मुक्काम केला, तसा मुक्काम पॅडविक यांनी केला नाही. त्या सीमेच्या अलीकडेच राहिल्या. ग्रंथ मुख्यतः अरबी पुस्तिकांवर उभा असल्यामुळे दख्खनीसारख्या लोकभाषांतील भक्तीला त्यात फारसे स्थान नाही, आणि छापील शब्दाबाहेरची उपासना तर अशा अभ्यासाच्या हाती लागणेच कठीण. या मर्यादा मान्य करूनही ग्रंथाचे मोल कमी होत नाही.

१९६८ मध्ये पॅडविक यांचे निधन झाले. दोन वर्षांनी केनेथ क्रॅग या अँग्लिकन विद्वानाने मुस्लिम आणि ख्रिस्ती प्रार्थना शेजारीशेजारी ठेवणारा संग्रह प्रसिद्ध केला. त्याची वाट पॅडविक यांनी सुकर केली होती. ॲनमारी शिमेल यांच्यासारख्या थोर जर्मन विदुषीने पैगंबरभक्तीवरील आपल्या लेखनात त्यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या वनवर्ल्ड या प्रकाशनाने ग्रंथाची नवी आवृत्ती काढली.

तोपर्यंत ब्रिटनही बदलला होता. पॅडविक तीन वर्षांच्या असताना, १८८९ मध्ये, वोकिंग येथे शाहजहान मशीद उभी राहिली, तेव्हा या देशात तशी वास्तू नवलाची होती. आज लेस्टर, ब्रॅडफर्ड किंवा पूर्व लंडनमध्ये मशीद, चर्च, मंदिर आणि गुरुद्वारा एकाच परिसरात असतात आणि कार्यालयांतल्या शांत खोलीत दुपारच्या वेळी कुणी सहकारी नमाज पढून पुन्हा आपल्या टेबलाशी येतो. त्याने तिथे काय म्हटले असेल, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसते आणि विचारण्याचा संकोचही वाटतो. पॅडविक यांना ते जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी मशिदीजवळच्या दुकानातली काही पैशांची पुस्तिका विकत घेण्यापासून सुरुवात केली होती.