अण्णांची पायपीट

आमच्या महिला मंडळातली एक जण नुकतीच युरोपची सहल करून आली. जिनिव्हाच्या जुन्या भागात म्हणे दिवसभर पायीच हिंडली. चढणीच्या दगडी गल्ल्या, वरचं सेंट पीटरचं कॅथेड्रल, खाली निळंशार सरोवर. पाय कसे भरून आले तेही ती हौसेनं सांगत होती. मला मात्र आठवले महर्षी धोंडो केशव कर्वे.

१९२९ साली अण्णा याच जिनिव्हात होते. वय वर्षं ७१! पण ते तिथं गेले ते भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाबद्दल बोलायला.

चालण्याचं तर त्यांना लहानपणापासूनच वळण. जन्म १८ एप्रिल १८५८चा, गाव कोकणातलं मुरूड. परीक्षेसाठी ते डोंगर-घाट ओलांडत शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेले. तिथं काय झालं? हा तर सतरा वर्षांचा दिसतच नाही, म्हणून परत पाठवलं. दुसरा कुणी असता तर पुस्तकं गुंडाळून ठेवली असती. अण्णा शिकतच राहिले आणि १८८४ साली बी. ए. झाले.

पहिल्या पत्नी राधाबाई वारल्यावर १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. गावानं वाळीत टाकलं. तरी १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि कॉलेज सुटलं की चिखल तुडवत हिंगणं गाठायचं, असा त्यांचा रोजचा नेम! १९१६ साली तर त्यांनी महिला विद्यापीठच उभं केलं.

त्याच विद्यापीठासाठी ते म्हातारपणी जग फिरले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, पुढे अमेरिका, जपान. १९३० साली ते परत आले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण १९३६ साली खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला त्यांनी मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी घरोघर वर्गणी गोळा केली. १९५८ साली भारतरत्न मिळालं, १९६२ साली ते गेले.

आमच्या मुरबाडच्या पाड्यांवर फिरताना अण्णांची फार आठवण येते. ओढ्याला पाणी आलं की आधी मुलीची शाळा बंद होते, मुलगा मात्र जातो. आई म्हणते, वाट लांब आहे, तिला एकटीला कशी पाठवू? काळजी खरीच आहे. पण एका पाड्यावर चार आयांनी पाळ्या लावल्या. रोज एकीनं सगळ्या पोरींना शाळेपर्यंत सोडायचं. त्या वर्षी तिथली एकही मुलगी घरी बसली नाही.

आपल्यासाठी अण्णा इतकं चालले. लेकींसाठी आपल्याला एवढं तर चालता येईल ना?