अस्वस्थ माणसाची शांती

रविवारी सकाळी नवापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून जाण्याचा योग आला, तर तिथल्या साध्यासुध्या चर्चमधून टाळ-ढोलकीचा आवाज कानी पडतो. काही गाणी मावची बोलीतली, तर काही स्वच्छ मराठी. मराठी भजन नीट ऐकले तर अभंगाच्या शेवटी तुकोबांची यावी तशी कवीची मुद्रा येते : ‘दास’. हा दास कोण, हे गाणाऱ्यांतल्या सगळ्यांनाच ठाऊक असेल असे नाही. हा दास म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात घायाळ पक्षिणीची कविता वाचून ज्यांचे डोळे ओलावले, त्या सर्वांच्या ओळखीचे टिळक.

नवापूरशी त्यांचा आणखी एक धागा आहे. वडिलांच्या फिरतीच्या नोकरीमुळे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक मुलगा इथे राहिला होता. तेराव्या वर्षी इथल्याच रानात त्याला पहिली कविता सुचली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात तो ‘बालकवी’ झाला आणि तिथेच टिळकांच्या नजरेत भरला. टिळकांनी त्याला आपल्या नगरच्या घरी नेले आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला. मुलाच्या जिवाला कुठे चैन नसे. टिळकांना ते ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही. त्यांचे स्वतःचे निम्मे आयुष्य तसेच गेले होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव तापट. आई जानकीबाई हळव्या मनाची. आई लवकर गेली आणि पोरवयातच नारायणाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे त्याने संस्कृत विद्या मिळवली. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका सून म्हणून घरात आली. तिचे नाव लक्ष्मी ठेवले. वय अकरा-बारा.

मग सुरू झाली भटकंती. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी पुराणिक, परवा कुठे तेही सांगता येत नाही. घरी निरोप न ठेवता निघून जायचे आणि अचानक उगवायचे. किराण्यासाठी दिलेले पैसे भलतीकडेच जायचे. राग आला की घर डोक्यावर घ्यायचे आणि पश्चात्ताप झाला की लहान मुलासारखे रडायचे. हे सारे लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त असे काही लिहिले आहे की वाचताना हसू येते आणि पुढच्याच ओळीला घशात काही अडकते. डोके संस्कृताने भरलेले, हातात कवित्व, पण मनाला थारा नाही. जातिभेदाने पोखरलेला समाज त्यांना बघवत नव्हता. आपल्या देशाला कोणता धर्म उभा करील, या विचाराने ते अक्षरशः पछाडले होते. एखादा नवाच धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्याने ‘नव्या करारा’ची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले, पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथेच थबकले. शत्रूवर प्रेम करा, सूड घेऊ नका, उद्याची चिंता करू नका, ही शिकवण त्या तापट माणसाच्या वर्मी लागली. वर्षानुवर्षे पडलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथे मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकितातली दोन वर्षे पुरी व्हायची होती.

टिळकांना शांती मिळाली ती अशी. पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंची शांती हरपली, हे कसे विसरता येईल? नवऱ्याने त्यांना विश्वासात न घेता हा निर्णय केला होता. पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. लोकांच्या नजरेत त्या ना सवाष्ण, ना विधवा. दुःखाने त्यांना वेड लागायची पाळी आली. बहिणीच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्यांनी दिवस ढकलले. टिळक पत्रे पाठवीत, पत्रांतून कविता पाठवीत, झुरत. देव मिळाला आणि घर गेले. टिळकांची थोरवी मान्य करूनही इथे आपली सहानुभूती लक्ष्मीबाईंकडेच जाते, आणि ती जावीच.

साडेचार-पाच वर्षांनी त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे सांभाळूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तिचे पाणी वेगळे, तिची चूल वेगळी, हे त्या उतावळ्या माणसाने निमूट सोसले. माझ्या मते त्यांच्यातला खरा बदल इथे दिसतो. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनीच मनाशी विचार केला की जात काही देवाने केलेली नाही, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. घरात अनाथ पोरांचा गोतावळा जमला आणि त्यात लक्ष्मीबाई रमल्या.

टिळक मग थंड झाले का? छे! ‘स्मृतिचित्रे’तले टिळक बाप्तिस्म्यानंतरही रागावतात, रुसतात, उधळे तर राहतातच. नव्या घरातही त्यांचे सर्वांशी जमले असे नाही. मिशनरी साहेबाने साहेबासारखे वागावे आणि देशी ख्रिस्ती माणसाने त्याच्या पगारावर मान खाली घालून जगावे, हे त्यांना कधी पटले नाही. ख्रिस्ती झालो म्हणजे परका झालो, हेही त्यांनी मानले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणी सांगत. हाती चिपळ्या घेऊन कीर्तन करीत. विलायती चालींच्या जागी चर्चमध्ये अभंग आला, ओवी आली. ‘उपासना संगीता’त त्यांची कितीतरी गीते आहेत. आणि बालकवी? इतकी माया करूनही टिळकांनी त्या मुलाचा धर्म बदलला नाही. तो हिंदूच राहिला.

१९१७ साली, युरोपात ख्रिस्ती राष्ट्रेच एकमेकांची कत्तल करीत असताना, टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. पदरी पुंजी नव्हती. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. पंचावन्न उलटल्यावर असा बिनपगारी संसार मांडायला छाती लागते, आणि लक्ष्मीबाईंसारखी सोबतीणही लागते.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळकांनी डोळे मिटले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या ख्रिस्तापायी त्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याचीच कथा त्या १९३६ साली जाईपर्यंत ओवीमागून ओवी रचत होत्या.