कुमारी तोरू दत्त

पुस्तक लिहिणे हे थोरामोठ्यांचे काम, कॉलेजात शिकलेल्यांचे काम, असे आपण बायका धरून चालतो. कोणाच्या ट्रंकेत चार कविता असतात, कोणाच्या हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर एखादी गोष्ट असते. ती छापावी असे मनात आले, तरी लोक काय म्हणतील या धाकाने वही पुन्हा कपड्यांच्या तळाशी जाते. म्हणून या स्मरणिकेसाठी मी एका मुलीचे चरित्र निवडले आहे. तिने विशीच्या आतच कादंबरी लिहायला घेतली, विसाव्या वर्षी घरच्या खर्चाने पुस्तक छापून घेतले आणि एकविसाव्या वर्षी हे जग सोडले. तिचे नाव तोरू दत्त.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यात, रामबागान भागातल्या दत्तांच्या घरात झाला. वडील गोविंदचंद्र दत्त सरकारी नोकरीत होते, विद्वान होते आणि स्वतः इंग्रजीत कविता करीत. सुप्रसिद्ध इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त हे तोरूचे चुलत भाऊ. आईचे नाव क्षेत्रमणी. भावंडे तीन : थोरला अब्जू, मधली अरू आणि धाकटी तोरू. १८६२ साली या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आईला हा बदल प्रथम फार जड गेला, पण पुढे तिने तो मनापासून पत्करला. तरीही रामायण-महाभारतातल्या कथा आणि जुनी बंगाली गाणी तिच्या ओठांवर होतीच. ती ऐकताना तोरूच्या डोळ्यांना पाणी येई. धर्म बदलला म्हणून आईची गोष्ट बदलत नाही, हेच खरे. १८६३ च्या सुमारास हे कुटुंब वर्षभर आपल्या मुंबईतही राहून गेले होते.

१८६५ साली अब्जू वारला. तो अवघा चौदा वर्षांचा होता. एकुलता मुलगा गेल्यावर आईबापांचा सगळा जीव दोन मुलींत गुंतला. त्या काळी आठव्या-दहाव्या वर्षी मुलींची लग्ने होत. पण गोविंदचंद्रांनी मुलींसाठी स्थळे पाहण्याऐवजी शिक्षक पाहिले, आणि १८६९ साली बायको-मुलींना घेऊन ते बोटीने युरोपला निघाले. समुद्र ओलांडून शिकायला जाणाऱ्या बंगाली मुली तोवर कोणी पाहिल्या नव्हत्या. तोरू तेव्हा तेरा वर्षांची होती.

फ्रान्समध्ये नीस या गावी दोघी बहिणी काही महिने शाळेत गेल्या. शाळा अशी तोरूला तेवढीच मिळाली. पण तेवढ्या महिन्यांत फ्रेंच भाषा तिच्या जिभेवर अशी बसली की जन्मभर ती तिची लाडकी भाषा राहिली. पुढे पॅरिस पाहून सर्व मंडळी १८७० साली लंडनला आली. त्याच साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले. त्यात फ्रान्सचा पराभव झाला तेव्हा चौदा वर्षांच्या तोरूने आपल्या रोजनिशीत त्या देशाचे दुःख आपल्या घरचे असावे तसे लिहून ठेवले. १८७१ मध्ये हे कुटुंब केंब्रिजला गेले. तिथे स्त्रियांसाठी व्याख्याने सुरू झाली होती, त्यांना दोघी बहिणी जात. केंब्रिजची पूर्ण पदवी बायकांना मिळू लागली ती १९४८ साली. म्हणजे तोरू शिकली ती पदवीसाठी नव्हे, नुसत्या विद्येच्या ओढीने. तिथेच मेरी मार्टिन ही मैत्रीण तिला लाभली. पुढे तोरूने मेरीला कलकत्त्याहून धाडलेली पत्रे जपून राहिली, म्हणूनच आज आपल्याला तिच्याविषयी इतके कळते.

१८७३ च्या सप्टेंबरमध्ये सर्व जण कलकत्त्याला परतले. इंग्लंडात दोघी मोकळेपणी हिंडत, व्याख्यानांना जात, गाणे शिकत. इथे परत आल्यावर मात्र घर आणि बागमारीची बाग एवढेच जग उरले. बाहेर एकटीने फिरण्याची सोय नव्हती. तोरूला हे कोंडणे फार जाणवे. बागेतली झाडे, मांजरे, घोडे आणि कपाटभर पुस्तके यांत ती मन रमवी. अरूची तब्येत इंग्लंडमध्येच ढासळली होती. २३ जुलै १८७४ रोजी क्षयाने अरू गेली. तिचे वय होते वीस.

या दोघी बहिणींनी मिळून एक बेत केला होता. तोरूने कादंबरी लिहायची, अरूने तिच्यात चित्रे काढायची आणि लेखिकेचे नाव न घालता ती छापायची. कादंबरी फ्रेंचमध्ये होती आणि तिचा आरंभ युरोपात असतानाच झाला होता असे सांगतात. चित्रे काढणारे हात गेले. बेतातला अर्धा भाग कायमचा कोरा राहिला. पण तोरूने लिहिणे सोडले नाही. शोक झालेल्या घरात बाईमाणूस काय करते? स्वयंपाक करते, आल्यागेल्याचे पाहते, रात्री उशी भिजवते. तोरूने लेखणी धरली. अरू गेली त्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, तिचे फ्रेंच कवींवरचे लेख आणि भाषांतरे कलकत्त्याच्या 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये येऊ लागली.

१८७६ साली तिचे पुस्तक निघाले. फ्रेंच कवितांची तिने इंग्रजीत केलेली ही भाषांतरे. दीडशेहून अधिक कविता आणि त्यांत आठ अरूने केलेल्या. पुस्तक कोणा लंडनच्या प्रकाशकाने काढले नाही. भवानीपूरच्या 'साप्ताहिक संवाद' छापखान्यात वडिलांच्या पैशाने ते छापले गेले. ना कोणा मोठ्या माणसाची प्रस्तावना, ना लेखिकेविषयी चार ओळी. कागद साधा, बांधणी साधी, पुठ्ठा नारिंगी कागदाचा. त्याचे रूप पाहून कोणी उचलून घेतले नसते.

आणि झालेही तसेच. ऑगस्ट १८७६ मध्ये त्याची एक प्रत लंडनच्या 'एक्झामिनर' पत्राच्या कचेरीत पोचली. तरुण टीकाकार एडमंड गॉस तेथे बसला होता. संपादकांनी ते पुस्तक त्याच्या हातात दिले. त्याला वाटले, हे केराच्या टोपलीतच जायचे. तरी त्याने पान उलटले, वाचले आणि तो थक्क झाला. त्याने त्यावर कौतुकाचा लेख लिहिला. त्याच्या मनात सगळ्यांत जी कविता भरली ती होती व्हिक्टर ह्यूगोच्या एका पहाटगीताचे भाषांतर, आणि ते अरूने केलेले होते! बहिणीने बहिणीला असे सोबत नेले. पुढे फ्रान्सच्या एका नामांकित मासिकात आंद्रे तरिये या लेखकानेही या पुस्तकाची दखल घेतली. पुस्तकाच्या इंग्रजीत ठिकठिकाणी चुका आहेत हे टीकाकारांनी लपवले नाही. पण वीस वर्षांच्या मुलीने परक्या भाषेतले काव्य दुसऱ्या परक्या भाषेत नेले, याचे मोल त्यांनी ओळखले.

याच सुमारास तोरू वडिलांबरोबर एका पंडितांकडे संस्कृत शिकू लागली. परदेशच्या काव्यात बुडालेली ही मुलगी आता आईच्या कथांकडे वळली होती. सावित्री, सीता, ध्रुव, प्रल्हाद, एकलव्य, श्रावणबाळ यांच्यावर तिने इंग्रजीत काव्ये रचली. तिची सावित्री मोकळी हिंडणारी आहे. पूर्वी आपल्या देशात बायका अशा कोंडलेल्या नव्हत्या, हे तिने त्या काव्यात सांगून ठेवले आहे. बागमारीच्या बागेतल्या एका सुरूच्या झाडावरही तिची कविता आहे. त्या झाडाखाली तिन्ही भावंडे खेळली होती. आज तिची हीच कविता सर्वांत जास्त वाचली जाते.

पण दुखण्याने तिलाही सोडले नव्हते. १८७७ उजाडले तसा खोकला आणि ताप वाढला, खोकल्यातून रक्त पडू लागले. त्या दिवसांतही तिची धडपड चालूच होती. प्राचीन हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर क्लारीस बादेर नावाच्या फ्रेंच बाईंनी पुस्तक लिहिले होते. ते इंग्रजीत आणण्याची परवानगी तोरूने पत्र धाडून मागितली आणि त्या बाईंनी आनंदाने दिली. भाषांतर मात्र झाले नाही. ३० ऑगस्ट १८७७ रोजी तोरू गेली. तिचे वय एकवीस वर्षे आणि सहा महिने होते. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशीही पुढे १८८७ साली एकविसाव्या वर्षीच क्षयाने गेल्या. त्या एका रोगाने आपल्या किती मुली नेल्या!

तोरू गेल्यावर वडिलांनी तिचे कागद आवरायला घेतले, आणि त्यांत त्यांना कादंबऱ्या मिळाल्या. एक इंग्रजीतली, 'बियांका' नावाची, अर्धी राहिलेली. तिची सुरुवात बहिणीच्या अंत्यविधीपासून होते. ज्या घरात ती लिहिली गेली ते आठवले की दुसरे काही सांगायला नको. दुसरी फ्रेंचमधली, पूर्ण झालेली. तिचे नाव 'मादमोआझेल दार्वेर हिची रोजनिशी'. पंधरा वर्षांची मार्गरीत शाळा संपवून घरी येते. ज्याच्यावर तिचा जीव जडतो तो तरुण सरदार एका दासीवरून आपल्याच भावाचा खून करतो आणि वेडा होतो. त्या धक्क्याने ती अंथरूण धरते, पुढे एका भल्या माणसाशी संसार मांडते, आणि मुलाला जन्म देऊन मरण पावते. ही कथा तिने रोजनिशीच्या रूपाने, त्या मुलीच्या तोंडून सांगितली आहे.

गोविंदचंद्रांनी हे कागद पेटीत ठेवून दिले नाहीत. 'बियांका' १८७८ साली 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये छापून आली. फ्रेंच कादंबरी १८७९ साली पॅरिसला प्रसिद्ध झाली आणि तिला प्रस्तावना त्याच क्लारीस बादेर बाईंनी लिहिली. आपल्या देशातल्या माणसाने फ्रेंचमध्ये लिहिलेली ती पहिली कादंबरी मानतात. १८८० साली भाषांतरांचे पुस्तक लंडनच्या प्रकाशकाने काढले, आणि १८८२ साली पुराणकथांवरची काव्ये निघाली ती गॉसच्या प्रस्तावनेसह. १८८४ साली वडील वारले. क्षेत्रमणीबाई मात्र १९०० सालापर्यंत जगल्या. तीन मुले आणि नवरा यांना पोचवून त्या माउलीने मागे सोळा वर्षे कशी काढली असतील, ते तिचे तिलाच ठाऊक. फ्रेंच कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २००५ साली आपल्याकडे प्रसिद्ध झाले.

हे चरित्र वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. तोरूच्या हयातीत तिचे एकच पुस्तक निघाले, तेही घरच्या पैशाने, साध्या छापखान्यात. पण त्या एकाच पुस्तकाने तिला वाचक भेटवले, परदेशातून कौतुक आणले, हे तिने जिवंतपणी पाहिले. कादंबऱ्या मात्र कागदांतच राहिल्या. त्या कोणी वाचल्या, कोणाला आवडल्या, हे तिला कधीच कळले नाही. बाप जाणता होता म्हणून त्या जगासमोर आल्या. नाही तर वाळवीने खाल्ल्या असत्या किंवा रद्दीत गेल्या असत्या.

कोणी म्हणेल, तिचे घर श्रीमंत, वडील विद्वान, ती विलायतेला जाऊन आलेली, आपली आणि तिची बरोबरी कशी? बरोबरी नाहीच. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. पण आजार, शोक आणि घराच्या चार भिंती तर तिलाही होत्या. आणि प्रत्येकीच्या मागे गोविंदचंद्र नसतात. म्हणून आपल्या वहीची काळजी आपणच केली पाहिजे. नारिंगी कागदाच्या पुठ्ठ्याचे का होईना, पण आपल्या डोळ्यांदेखत. मोठा प्रकाशक कुठला मिळायला! पण ही आपल्या मंडळाची स्मरणिका तर हाताशी आहे. पुढल्या वर्षीच्या अंकासाठी ज्या भगिनींच्या ट्रंकेत वह्या असतील त्यांनी त्या वर काढाव्यात, एवढेच माझे सांगणे.