समजून घ्या : स्मिता पाटील यांच्या तीन नायिकांनी घर सोडले, त्याची किंमत कोणी मोजली?

मराठी आणि हिंदी पडद्यावरची बाई नवऱ्याचे घर सोडून निघाली की, पूर्वी बहुतेक वेळा शेवटी ती परत तरी यायची किंवा मरायची. १९७७ ते १९८२ या पाच वर्षांत स्मिता पाटील यांनी अशा तीन बायका साकारल्या. एक शहरातली सिनेनटी, एक डोंगरातली ठाकर तरुणी आणि एक सुखवस्तू घरातली शिकलेली सून. तिघीही घर सोडतात, पण तिघींच्या वाट्याला वेगवेगळे येते.

यातली ठाकर तरुणी जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला सर्वात जवळची वाटेल. का, ते पाहू. त्याआधी स्मिता पाटील यांचे आयुष्य थोडक्यात.

कोण होत्या स्मिता पाटील?

१७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्म. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूरचे, समाजवादी विचारांचे राजकारणी. पुढे ते राज्यात मंत्रीही झाले. आई विद्याताई परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्त्या. बाई घराबाहेर काम करते, स्वतः कमावते हे या घरातल्या मुलींनी लहानपणापासून पाहिले होते. राष्ट्र सेवा दलाचे संस्कारही याच काळातले.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. तिथे स्मिता मराठी बातम्या देऊ लागल्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, हा किस्सा आजही सांगितला जातो. सावळा रंग, मोठे डोळे, मेकअप जवळपास नाही. त्या काळच्या नायिकेच्या साच्यात न बसणारा हा चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी हेरला. 'निशांत' (१९७५) आणि 'मंथन' (१९७६) हे चित्रपट त्यातून आले.

पहिली नायिका : 'भूमिका'मधली उषा

१९७७ चा 'भूमिका' मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे. उषा लहानपणापासून कुटुंबासाठी कमावते. नवरा तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. ती एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते. शेवटी एका श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात तिला सगळे मिळते, फक्त उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी मिळत नाही.

म्हणजे कमावणारी बाई आपोआप मोकळी होत नाही, हे या चित्रपटाने दाखवले. या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या.

दुसरी नायिका : 'जैत रे जैत'मधली चिंधी

त्याच वर्षी जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' आला. कथा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरची. गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. भगताचा मुलगा नाग्या (मोहन आगाशे), लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांची पोळी आणि चिंधी.

चिंधीला नवरा पसंत नाही. ती त्याला सोडते आणि नाग्याला स्वतःहून निवडते. गंमत अशी की, तिच्या वस्तीत हे जगावेगळे पाप ठरत नाही. चित्रपटातले ठाकर रायगडच्या बाजूचे असले, तरी ठाकर समाज मोखाडा-जव्हारच्या डोंगरातही आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी हे त्यांचे शेजारी.

या समाजांतल्या लग्नाच्या रीती शहरी मध्यमवर्गापेक्षा वेगळ्या राहिल्या आहेत :

- हुंडा नव्हे, देज. वारल्यांच्या परंपरेत मुलाकडचे लोक मुलीच्या घरी देज देतात.
- लग्न लावणारी बाई. वारली लग्नात विधी करते ती धवलेरी, आणि लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात त्या सवाशिणी.
- आधी संसार, मग लग्न. खर्च झेपत नाही म्हणून जोडपी एकत्र राहू लागतात आणि लग्नाचा विधी मुले झाल्यावरही होतो.
- नवरा सोडता येतो. पंच बसतात, पहिल्या नवऱ्याचा खर्च परत करण्याचे ठरते आणि बाई दुसरे घर करू शकते.

मग कायदा काय सांगतो?

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या मे महिन्यात आला. स्मिता पाटील यांचा जन्म त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. या कायद्याने हिंदू बाईला देशभर घटस्फोटाचा मार्ग दिला. पण कायद्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे रूढी चालते. जे हक्क हिंदू बायकांना देशभर कायद्याने मिळायला १९५५ उजाडले, ते चिंधीकडे रूढीने आधीच होते. तुलनेसाठी सांगायचे तर, स्पेनमध्ये घटस्फोटाचा आजचा कायदा १९८१ मध्ये आला.

पण इथेच थांबलो तर चित्र अर्धवट राहील. १९५६ चा हिंदू वारसा कायदाही याच पद्धतीने जमातींना वगळतो. त्यामुळे जमिनीच्या वाटणीतही रूढी चालते आणि रूढीने जमीन बहुतेक वेळा मुलग्यांकडे जाते. म्हणजे बाई घर सोडू शकते, पण सोबत जमीन नेऊ शकत नाही. लावणी, लाकूडफाटा, पाणी ही कामे मात्र दोन्ही घरी तिचीच. वन हक्क कायद्याने (२००६) विवाहितांच्या वनपट्ट्यावर नवरा-बायको दोघांचे नाव लावण्याची तरतूद केली, ती म्हणूनच महत्त्वाची आहे.

तिसरी नायिका : 'उंबरठा'मधली सुलभा

१९८२ चा 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. पटकथा विजय तेंडुलकर यांची, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचे. सुलभा महाजनला नवरा (गिरीश कर्नाड) मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तरीही ती लहान मुलीला घरी ठेवून संगमवाडीच्या महिला आश्रमात अधीक्षकाची नोकरी धरते, कारण तिला काम करायचे आहे.

आश्रमात भ्रष्टाचार आहे आणि समितीवर बसलेल्यांना शांतता हवी आहे. हरून घरी परतल्यावर कळते की, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. ती पुन्हा निघते. या बाईवर अत्याचार झालेला नाही, मग ती का जाते, असा प्रश्न विचारत प्रेक्षक थिएटरबाहेर पडला. तिच्या जागी नवरा बदलीच्या गावी गेला असता, तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. तेंडुलकर-पटेल यांनी नेमके तिथे बोट ठेवले होते.

पडद्याबाहेर काय घडले?

'चक्र'साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री आणि 'नमक हलाल'सारखे तद्दन व्यावसायिक चित्रपट, हे सगळे दहा-बारा वर्षांत. मुंबईतल्या विमेन्स सेंटरच्या कामाशीही त्या जोडलेल्या होत्या.

आणि मग त्या प्रेमात पडल्या. अभिनेते राज बब्बर विवाहित होते. बायकांच्या बाजूने उभी राहणारी नटी दुसऱ्या बाईचे घर कसे मोडते, अशी टीका झाली. पहिल्या पत्नीचे दुःख खरेच होते. पण निर्णय दोघांचा असताना ठपका मुख्यतः स्मिता यांच्यावर आला.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलगा प्रतीकचा जन्म झाला. त्यानंतर बाळंतपणातली गुंतागुंत वाढत गेली आणि १३ डिसेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ३१. 'मिर्च मसाला' हा त्यांचा गाजलेला चित्रपट लोकांनी त्या गेल्यानंतर पाहिला.

आज त्यांच्याकडे पुन्हा का पाहायचे?

देशातल्या सर्वात प्रसिद्ध अभिनेत्रींपैकी एक, मुंबईसारख्या शहरात, बाळंतपणाने गेली. रस्ता नाही म्हणून गरोदर बाईला डोलीत घालून न्यावे लागते, अशा मोखाड्याच्या पाड्यांवर ही बातमी फार लांबची वाटू नये.

उषाकडे पैसा होता, चिंधीकडे रूढीचा आधार होता, सुलभाकडे पदवी होती. यातले एकही पुरेसे ठरले नाही. हे तिन्ही चित्रपट पाहायचे ठरवलेत, तर सुरुवात 'जैत रे जैत'पासून करा. आणि घरातल्या आजीला सोबत बसवा. नवरा सोडलेल्या, दुसरे घर केलेल्या बायकांच्या गोष्टी तिच्याकडेही असतील, आणि शेत कोणाच्या नावावर राहिले हेही ती सांगेल.