ग्रॅहॅम बेल व न सांपडलेली गोळी

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या यशाइतकेंच त्यांचें एक अपयशही बोधप्रद आहे. म्हणून तीच हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

बेल यांचा जन्म ता. ३ मार्च १८४७ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. आईस फार कमी ऐकूं येई. दोघे भाऊ क्षयानें गेल्यावर १८७० सालीं हें कुटुंब कॅनडांत गेलें. पुढें बेल बोस्टन येथें बहिऱ्या मुलांस शिकवूं लागले, व १८७६ सालीं त्यांना टेलिफोनचें पेटंट मिळालें.

ता. २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एका माथेफिरूनें पिस्तूल झाडलें. एक गोळी पाठींतून शिरून शरीरांतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षें अवकाश होता. डॉक्टर निर्जंतुक न केलेलीं बोटें व सळया जखमेंत घालून गोळी चांचपीत होते. तेव्हां विजेच्या साहाय्यानें ती हुडकण्याचें बेल यांनीं मनावर घेतलें.

त्यांच्या यंत्राचें तत्त्व असें: तारेचीं दोन वेटोळीं अशीं ठेवावयाचीं कीं, एकांत थांबून थांबून वीजप्रवाह सोडला तरी दुसऱ्यास जोडलेला टेलिफोन मुका राहावा. जवळ धातु येतांच त्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात, समतोल बिघडतो, व टेलिफोन गुणगुणूं लागतो. परंतु सर्व धातु सारखें उत्तर देत नाहींत. तांब्याचांदींतून वीज सहज वाहते, शिशांतून त्या मानानें कष्टानें. लोखंड तर चुंबकाकडेही ओढलें जातें. त्यामुळें प्रत्येकाच्या उत्तराचा जोर व विलंब भिन्न असतो. आजचीं यंत्रें ह्याच फरकावरून जमिनींतील खिळा कोणता व नाणें कोणतें, याचा अंदाज बांधतात. तरीही खोलवरची मोठी वस्तु व वरवरची लहान वस्तु यांची गल्लत होऊं शकतेच.

ता. २६ जुलैचा पहिला प्रयत्न यंत्रांतील एका चुकीच्या जोडणीमुळें फसला. ता. १ ऑगस्टला आवाज आला, पण एका ठिकाणीं नव्हे, तर विस्तृत भागावर! मागाहून कळलें कीं, रोग्याच्या गादीखालीं पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे, असें मुख्य डॉक्टरांनीं आधींच ठरविलें होतें; म्हणून शोधही तिकडेच झाला. ह्याच सुमारास बेल यांचें नवजात बालक दगावलें. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. ता. १९ सप्टेंबरला गारफील्ड जंतुसंसर्गानें निवर्तले. शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस, खोल निघाली.

१८८२ सालीं बेल यांनीं शास्त्रज्ञांच्या सभेंत आपल्या चुकांसह सर्व वृत्तांत मांडला. ता. २ ऑगस्ट १९२२ रोजीं ते कॅनडांत वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन एक मिनिट मुके ठेवण्यांत आले.

विद्यार्थी मित्रहो, यंत्र फक्त धातु आहे एवढेंच सांगतें. तो गोळीचा कीं बिछान्याचा, हें माणसानें विचारावयाचें असतें. जो आपलें उत्तर आधींच ठरवून बसतो, त्याला सत्य शेजारीं असूनही सांपडत नाहीं. आणि आपली चूक चारचौघांत कबूल करण्याची नम्रता ज्याला लाभली, त्याचें अपयशही परमेश्वर वायां जाऊं देत नाहीं.