लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यांत्रिक आरेखनाचे शिक्षक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराचे कारखानदार ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. मात्र त्यांच्या कामाचा गाभा नांगराहून थोडा निराळा आहे. एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे सुटे भाग तयार करायचे, ते जोडून वस्तू उभी करायची आणि एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलायचा, ही उत्पादनाची रीत त्यांनी मराठी मुलखातील खेड्यांपर्यंत पोहोचवली. कडबा कापण्याचे यंत्र, नांगर, चरक, पंप आणि पुढे लोखंडी फर्निचर या सर्वांमागे हीच रीत होती.

बालपण आणि शिक्षण

किर्लोस्कर हे आडनाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किर्लोस या गावावरून आले. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही गुर्लहोसूरच होय. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते आणि मुलाने रूढ शिक्षण घ्यावे अशी त्यांची अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमले नाही. त्यांना चित्रे काढण्याची आणि यंत्रे उघडून पाहण्याची ओढ होती. थोरले बंधू रामचंद्र उर्फ रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. चित्रकार होण्याचा मार्ग तेथेच संपला. रंग हातचे गेले, रेषा मात्र राहिली. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) दरमहा ४५ रुपयांवर नोकरी धरली. वर्गातील काम संपल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत थांबत आणि यंत्रे हाताळून शिकत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांच्या चरित्रात या गोष्टीचा उल्लेख बहुधा कौतुकाने केला जातो. परंतु मोजमापासह रेखाटन करण्याचे जे शिस्तबद्ध शिक्षण त्यांना मिळाले होते, ते त्या काळी थोड्याच लोकांकडे होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

बेळगाव

१८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. सायकल ही त्या काळातील सुट्या भागांच्या वस्तूचा उत्तम नमुना होती. साखळी, पायट्या, चाकाच्या आऱ्या, बेअरिंगच्या गोळ्या यांपैकी काहीही बिघडले तरी तेवढाच भाग मागवता येई. दुरुस्तीच्या निमित्ताने ही शिकवण बंधूंच्या हाताखालून रोज जात होती.

मुंबईतील नोकरीत बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला घेतल्यामुळे लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावी आले. नोकरीच्या काळात त्यांनी गुंड्या तयार करून पाहिल्या, औषधाच्या गोळ्यांसाठी लहान डब्या केल्या. पुढे अमेरिकी पवनचक्क्यांची एजन्सीही घेतली. यांपैकी कशातही फारसे यश आले नाही. अखेर एक लहान लेथ, छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि लहानसे इंजिन एवढ्या भांडवलावर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्याचे पाते धार लावण्यासाठी काढता येई आणि झिजले की बदलता येई.

लोखंडी नांगर

महाराष्ट्रातील लाकडी नांगर हा गावच्या सुताराने घडवलेला असे. शेतकऱ्याच्या बैलांची उंची, जमिनीचा पोत आणि हाताशी असलेले बाभळीचे लाकूड पाहून तो नांगर करी. म्हणून एका नांगराचे रुमणे दुसऱ्या नांगराला बसेलच असे नसे, आणि तशी गरजही नव्हती. नांगर मोडला की सुतार जवळच होता आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने ठरलेला होता. लोखंडी नांगराला स्पर्धा करायची होती ती या व्यवस्थेशी. विलायतेतील रॅन्सम कंपनीचे नांगर बाजारात होते; पण त्यांचा एखादा भाग मोडल्यास तो कोठून आणायचा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राही.

लक्ष्मणरावांच्या नांगराचे पहिले सहा नग विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष लागते, अशी समजूत तेव्हा होती. ही समजूत अडाणीपणाची ठरवून सोडून देणे सोपे आहे. मात्र वर्षभराची कमाई एका अनोळखी अवजारावर लावताना शेतकऱ्याने सावध राहणे स्वाभाविक होते. पुढे मोठी मागणी आली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली : कठीण जमिनीत फाळाचे टोक टिकेना. तक्रार रास्त होती. लक्ष्मणरावांनी ओतकामाच्या रीतीत बदल करून टोक अधिक कठीण केले.

या ठिकाणी त्यांच्या आरेखनाच्या शिक्षणाचा कस लागला. बिडाचे ओतकाम करताना आधी लाकडाचा फर्मा करावा लागतो. त्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात वितळलेले बीड ओततात. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसते. म्हणून फर्मा तेवढा मोठा धरावा लागतो. दोन भागांतील बोल्टांची छिद्रे जुळली नाहीत तर भाग फुकट जातो. एकच नांगर करायचा असेल तर कानस घासून काम भागवता येते. हजार नांगर करायचे असतील, आणि हजाराव्या नांगराचा फाळ पहिल्या नांगराला पाच वर्षांनंतरही बसायला हवा असेल, तर कानशीवर भरवसा ठेवता येत नाही. मग फर्मे जपून ठेवावे लागतात, छिद्रांची जागा ठरवणारे साचे करावे लागतात, आणि तयार भाग आत शिरतो की नाही हे तपासणारी मापे कारागिराच्या हाती द्यावी लागतात. डोळ्याच्या अंदाजाची जागा अशा वेळी कागदावरील रेखाटनाला घ्यावी लागते.

या रीतीचा उगम बंदुकीच्या कारखान्यांत झाला. अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथील शस्त्रशाळेत जॉन हॉल यांनी १८२० च्या दशकात एकमेकांच्या जागी बसणाऱ्या भागांच्या बंदुका तयार केल्या होत्या. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकसारखी मापे सुचवली. त्यामुळे एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टाला बसू लागला. लक्ष्मणराव अमेरिकी यांत्रिक पुस्तके आणि मासिके नेमाने वाचत. सैन्यासाठी जन्मलेली ही युक्ती त्यांनी हरळी आणि कुंदा उपटण्याच्या कामाला लावली.

या बदलाची किंमतही होती. फाळ रेल्वेने येऊ लागला तसे सुताराचे आणि लोहाराचे बलुत्यातील काम कमी झाले. एकट्या किर्लोस्करांनी हे घडवले असे नव्हे, परंतु त्यांच्या यशात ही बाजूही होती.

किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली, तेव्हा पुढे काय हा प्रश्न होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. माळावर निवडुंग माजला होता, सापांचा सुळसुळाट होता आणि पाणी अपुरे होते. जागेची एक बाजू मात्र भक्कम होती : रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर होते. सुट्या भागांचा धंदा करणाऱ्याला याहून मोठी सोय नव्हती.

वसाहतीची उभारणी रामूअण्णांनी पाहिली. शंभोराव जांभेकर यांच्याकडे यंत्रशाळा, मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब आणि के. के. कुलकर्णी यांच्याकडे विक्री होती. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये याबद्दल लक्ष्मणराव आग्रही होते. गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी रखवालीसारख्या विश्वासाच्या कामावर नेमले.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आवक थांबली, मागणी एकाएकी वाढली आणि त्याच वेळी लोखंड मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर ओतले गेले. रंगही बाजारात नव्हता. तो कारखान्यातच तयार करावा लागला. १५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीची १२ लाख रुपयांच्या भांडवलावर नोंदणी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. ग्राहकांना मालाची माहिती द्यावी हा तिचा पहिला हेतू होता. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील नामांकित मासिक झाले.

लोखंडी फर्निचर

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शांतनुराव (जन्म १९०३) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकून १९२६ मध्ये परतले. त्यानंतर काही वर्षांतच जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि अवजारांची खरेदी थांबली. शेतीवर अवलंबून नसलेले काही उत्पादन हवे होते. पंप आणि यंत्र-हत्यारे यांच्या जोडीने किर्लोस्करवाडीत लोखंडी खुर्च्या, पलंग अशा वस्तूही होऊ लागल्या. या निर्णयात शांतनुरावांच्या पिढीचा हात मोठा होता. ज्या पायावर तो उभा राहिला तो मात्र लक्ष्मणरावांनी घातलेला होता. फर्मे, साचे, मापे आणि त्यांना सरावलेले कारागीर आधीपासूनच तयार होते.

जोडणीच्या फर्निचरचे गणित नांगरापेक्षा फार वेगळे नाही. नळ्या आणि पट्ट्या ठरावीक लांबीत कापायच्या, छिद्रांमधील अंतर सर्वत्र एकच ठेवायचे, म्हणजे कोणताही पाय कोणत्याही चौकटीला लागतो. डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळे भाग लागू नयेत अशी आखणी केली तर साठवायच्या नगांचे प्रकार निम्म्यावर येतात. वाहतुकीतही फरक पडतो. जोडलेली खुर्ची आतल्या रिकाम्या जागेसह प्रवास करते; सुटी केलेली खुर्ची गठ्ठ्यात मावते. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणलेली चौदा क्रमांकाची खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांतच पुरी होई. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत बसत. लोखंडात आणखी एक फायदा होता : पावसाळ्यात ते लाकडासारखे फुगत नाही, त्यामुळे कारखान्यात जुळलेले छिद्र ग्राहकाच्या घरीही जुळते. गंजाची काळजी मात्र घ्यावी लागे.

मुंबईत गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटे करीत होती आणि शहरी ग्राहकांच्या मनात पोलादी फर्निचर म्हणजे गोदरेज हे समीकरण पक्के झाले. किर्लोस्करांच्या फर्निचरला तेवढे नाव कधी मिळाले नाही. उद्योगाच्या इतिहासात त्याची नोंद एखाद्या ओळीत उरकली जाते, ते काहीसे अन्यायाचे आहे. नांगर ओतणारा कारखाना खुर्ची करू शकतो हे त्याने दाखवले, आणि हे जमले ते कारखान्याची खरी मालमत्ता वस्तू नसून मापे होती म्हणून.

पुण्याजवळ लोणी काळभोर येथील एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनसारख्या संस्थांत आज औद्योगिक वस्तूंच्या आखणीचे पदवी शिक्षण मिळते. लक्ष्मणरावांच्या काळी या कामाला मराठीत नावही नव्हते. रेखाटनाचे टेबल आणि ओतशाळा यांच्यामधले अंतर त्यांनी मासिके वाचून आणि फसलेले नग पुन्हा वितळवून ओलांडले.

उत्तरायुष्य

१९४० च्या दशकात उद्योगाचा विस्तार झाला. हरिहर येथे यंत्र-हत्यारांचा, बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात खडकी येथे तेल इंजिनांचा कारखाना निघाला. कारभार पुढच्या पिढीकडे गेला आणि लक्ष्मणराव दैनंदिन कामातून निवृत्त झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि तो आजही चालू आहे.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. ज्या कुंडल रोड स्थानकावर कारखान्याचा माल चढवला जाई, ते स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.